अक्षतांची वाढ

‘साहेब, ही विळी दगडावर कोणी घासली?’

पांचाळ स्वयंपाकघरात पाटावर बसून विळीचं पातं अंगठ्यानं चाचपत होते. अण्णा गॅसपाशी पाठमोरे उभे होते. त्यांनी मान वळवली नाही.

‘मी नाही घासली.’

‘मग विळी आपली आपण घासली गेली?’

‘शेजारच्या काकूंनी नेली होती. खोबरं कापायला.’

‘साहेब, शेजारच्या काकू गेल्या दिवाळीत वारल्या.’

अण्णांचे खांदे हलले. ते हसले की आधी खांदे हलत, आवाज मागून यायचा. ‘वृंदा, बघ,’ ते मला म्हणाले, ‘एकतीस वर्षं कारखान्यात मी यांची हजेरी घेतली. आता हे माझी घेतात.’

अण्णांबरोबरचा माझा शेवटचा साधा दिवस तो. फेब्रुवारीतला पहिला रविवार. सांगलीच्या घरात अण्णा एकटेच राहत. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. श्रीरंगदादा आणि वहिनी विश्रामबागेत, वेगळ्या घरात. मी दर महिन्याला पुण्याहून शनिवारी यायची आणि रविवारी चारच्या गाडीनं परतायची. निघताना अण्णा मला भडंग करून देत. चुरमुरे कोणाचे, शेंगदाणे कुठले, लसूण सोलायचा की नुसता ठेचायचा, या बाबतीत ते कोणाचं ऐकत नसत. एकोणऐंशीव्या वर्षीही लसणावर नजर ठेवून उभे असत. तो तांबूस झाला पाहिजे, पण काळा नाही.

त्या खेपेला मी त्यांना एक गोष्ट सांगायला आले होते.

पुण्यात मी आणि शुभदा अकरा वर्षं एका घरात राहत होतो. लोकांना वाटायचं, नोकरी करणाऱ्या दोन मैत्रिणी भाडं वाटून घेतात. तसं नव्हतं. आमचं ते घर होतं आणि आम्ही एकमेकींच्या होतो. शुभदाची आई आमच्याकडेच असायची, तिचं औषधपाणी आम्ही दोघी बघायचो. ऑफिसात मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. सांगलीतही नाही. निघताना शुभदा म्हणाली होती, ‘ऑफिसला नको सांगूस. काकांना नको, दादाला नको. पण अण्णांना सांग. ते आहेत तोवर सांग.’

शनिवारची संध्याकाळ गेली. रात्री अण्णा बातम्या ऐकता ऐकता झोपले. सकाळी मी ठरवलं, चहानंतर सांगू. चहानंतर पांचाळ आले.

पांचाळ अण्णांच्या कारखान्यात पॅटर्नमेकर होते. लोखंडाचं ओतकाम करायच्या आधी तसाच एक नमुना लाकडात करावा लागतो. तो नमुना वाळूत दाबून साचा होतो, त्या साच्यात लोखंड ओततात. पांचाळ ते लाकडी नमुने करत. पंपाचं घर, चाक, झडप, काय हवं ते. त्यांच्या हातासारखा हात सांगली-मिरजेत नव्हता, असं अण्णाच म्हणत. निवृत्त झाल्यावर ते महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे येत आणि विळी, सुऱ्या, अडकित्ता, सगळ्यांना धार लावून जात. पैसे घेत नसत. मूठभर भडंग घेत.

माझी आणि त्यांची ओळख मी सातवीत असल्यापासूनची. तेव्हा त्यांनी मला एक पितळी पट्टी दिली होती, तीस सेंटिमीटरची. मी ती भूमितीच्या परीक्षेला घेऊन गेले आणि माझी प्रत्येक रेघ चुकली. दहा सेंटिमीटरची रेघ बाईंच्या पट्टीनं मोजली की एक मिलिमीटर जास्त. लोखंड थंड होताना शंभराला एक आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरच्या पट्टीवरचे सेंटिमीटर मुळातच तेवढे मोठे आखलेले असतात. पांचाळांनी लाडानं दिली, सांगायचं विसरले. अण्णा शाळेत गेले आणि बाईंना म्हणाले, ‘पट्टी खोटी नाही हो. ती दुसऱ्या कामाची आहे.’ बाईंनी गुण दिले नाहीत ते नाहीतच. पुढे मी इंजिनिअर झाले, पाण्याच्या टाक्यांचे आराखडे करायला लागले, तरी पांचाळ भेटले की विचारत, ‘ताई, टाकी कुठल्या पट्टीनं मोजता?’

त्या रविवारीही त्यांनी तेच विचारलं. मग म्हणाले, ‘आणि बढतीचं काय झालं? मागच्या महिन्यात तुम्ही म्हणाला होतात ना, या वर्षी होईल म्हणून.’

‘नाही झाली.’

‘का?’

‘परागला दिली.’

‘हा पराग म्हणजे तुमच्या हाताखाली शिकला, तोच?’

‘तोच.’

‘कामात हुशार आहे?’

‘बरा आहे. गेल्या वर्षी त्याच्या एका टाकीचं गणित मी निस्तरलं.’

पांचाळांनी विळी खाली ठेवली. ‘मग साहेब लोक काय म्हणाले?’

मी हसून सांगायचं ठरवलं होतं. ऑफिसातही मी हसूनच ऐकलं होतं. ‘आमचे साहेब म्हणाले, वृंदाताई, तुमचं काम उत्तमच आहे, त्यात वाद नाही. पण त्याला दोन मुलं, बायको घरी. तुम्हाला एकटीला काय लागतं?’

पांचाळांनी माझ्याकडे बघितलं, मग अण्णांच्या पाठीकडे. आणि एकदम मोठ्यानं हसले.

‘म्हणजे तुमच्याकडंपण अक्षता आहेत!’

अण्णा हसले नाहीत.

अक्षता हा त्यांच्या कारखान्यातला शब्द. मालक जुन्या वळणाचे होते. कामगाराच्या लग्नाला स्वतः जायचे, मांडवात उभं राहून अक्षता टाकायचे आणि पुढच्या महिन्यापासून त्या माणसाचा पगार वाढायचा. कायमचा. त्या वाढीलाच सगळे अक्षता म्हणत. ‘पडल्या का रे अक्षता?’ असं विचारलं की ते लग्नाबद्दल की पगाराबद्दल, कळायचं नाही. पहिलं मूल झालं की थोडी आणखी वाढ, तिला बारसं म्हणत. मेस्तरी कोणाला करायचं, खात्याचा मुख्य कोणाला नेमायचं, हेही त्याच अंगानं ठरे. संसारी माणूस टिकतो, पळून जात नाही, दारू पीत नाही, असं मालकांचं मत. आणि मालकांपुढे कागद ठेवायचे अण्णा. माणसांचं खातं त्यांच्याकडे होतं. प्रत्येकाच्या नावापुढे ते शेरा लिहीत. ‘संसारी’ किंवा ‘एकटा’.

पांचाळांच्या नावापुढे एकतीस वर्षं ‘एकटा’ होतं.

ते एकटे राहत नव्हते. गावभागात एका माडीवर दोन खोल्यांत ते आणि आवटी मास्तर राहत. मास्तर मुलींच्या शाळेत पेटी शिकवायचे. लोक त्यांना सडेफटिंग म्हणायचे, काही जण आणखी काही म्हणून डोळा घालायचे. पण दोघे सभ्य होते, कोणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून गावानं त्यांना त्यांच्या माडीवर राहू दिलं. आमच्या घरी हळदीकुंकवाला पेटी वाजवायला मास्तर यायचे आणि पेटी उचलून आणायला पांचाळ. आई दोघांना एकाच ताटलीत लाडू द्यायची. मला ते लहानपणी विचित्र वाटायचं. मोठेपणी, आई गेल्यावर, एकदा आठवलं आणि मग बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही.

‘अहो साहेब, आठवतं का?’ पांचाळ मजेत आले होते. ‘पॅटर्न खात्याला मुख्य नेमायचा होता. मालक म्हणाले पांचाळ, आणि तुम्ही म्हणालात लाड. लाडला रंधा धरायला मी शिकवलं. पहिल्या दिवशी उलटा धरला होता त्यानं.’

‘आठवतं,’ अण्णा म्हणाले.

‘काय लिहिलं होतं तुम्ही? लाडनंच मला दाखवलं होतं नंतर. कारागीर उत्तम...’

‘कारागीर उत्तम. एकटा जीव सदाशिव. जबाबदारी नाही.’ अण्णांनी सगळं म्हणून दाखवलं.

‘सदाशिव!’ पांचाळांनी मांडीवर थाप मारली. ‘मास्तरांना घरी जाऊन सांगितलं, तर ते म्हणाले, मग मी कोण, नंदी?’

मी हसले. हसता हसता मला वास आला.

‘अण्णा, लसूण!’

कढईतला लसूण काळा ठिक्कर पडला होता. अण्णा झारा हातात धरून त्याच्याकडेच बघत होते. मी पुढे होऊन गॅस बंद केला. माझ्या आठवणीत त्यांच्या हातून लसूण करपला तो एवढा एकदाच.

‘तेल टाकून दे,’ ते म्हणाले. ‘पुन्हा करू.’

पांचाळ उठले. धार लावलेल्या सुऱ्या त्यांनी फडक्यात गुंडाळून कट्ट्यावर ठेवल्या. भडंगासाठी थांबा म्हटलं तर नको म्हणाले. ‘पुढच्या महिन्याला दोन मुठी घेईन.’ दारात चपला घालताना त्यांचा तोल थोडा गेला. मास्तर गेल्यापासून ते असे वाळत चालले होते. दोन वर्षं मास्तर अंथरुणाला खिळून होते आणि पांचाळ त्यांचं सगळं करत होते. कारखान्याच्या दवाखान्यात कामगाराच्या कुटुंबाला, निवृत्तीनंतरही, औषध मिळायचं. मास्तरांना मिळायचं नाही.

ते गेल्यावर अण्णांनी दुसरी कढई चढवली. मी लसूण ठेचायला बसले.

‘वृंदा.’

‘काय?’

‘ते तुझे साहेब म्हणाले, तेव्हा तू काय म्हणालीस?’

‘काही नाही. काय म्हणणार?’

‘तुला एकटीला खरंच काही लागत नाही?’

माझा हात थांबला. अकरा वर्षं ज्याची तयारी करत होते ते वाक्य तोंडात होतं. नुसतं ओठ उघडायचे होते. अण्णा पाठमोरेच होते, आणि त्यांना बघून सांगण्यापेक्षा पाठीला सांगणं सोपं होतं. तेही बहुधा त्यासाठीच वळले नसावेत. हे मला आज कळतं.

‘माझं भागतं, अण्णा,’ मी म्हणाले.

‘भागतं का, ते नाही विचारलं मी.’

ते थांबले. तेलात लसूण पडला आणि चुरचुरला. तो तांबूस होईपर्यंत ते थांबले. मग शेंगदाणे घातले, कढीपत्ता घातला, तिखट घातलं, आणि तरी मी काही बोलले नाही, तेव्हा त्यांनी चुरमुरे ओतले.

‘चारची गाडी आहे,’ मी म्हणाले.

‘बरं.’

भडंग निवल्यावर त्यांनी ते दोन डब्यांत भरलं. नेहमी एकच मोठा डबा असायचा. ‘हा तिचा,’ लहान डब्याचं झाकण दाबत ते म्हणाले. ‘यात तिखट बेतानं आहे. तिला सोसत नाही ना?’

शुभदाला तिखट सोसत नाही, हे त्यांनी आईच्या आजारपणात पाहिलं होतं. तेव्हा शुभदा तीन रात्री दवाखान्यात आईच्या खाटेखाली सतरंजी टाकून झोपली होती. सहा वर्षं झाली होती त्याला.

कोपऱ्यापर्यंत ते माझ्याबरोबर आले. रिक्षा थांबवली, रिक्षावाल्याशी घासाघीस केली, हरले. ‘पोचलीस की फोन कर,’ म्हणाले. ‘तू दमली असशील तर तिला कर म्हणावं.’

फोन मीच केला. दोन मिनिटं बोललो. थंडी, गाडीची गर्दी, एवढंच.

मंगळवारी सकाळी दादाचा फोन आला. दूधवाल्यानं बेल वाजवली, दार उघडलं नाही. अण्णा खुर्चीतच होते. चहाचा कप धुऊन पालथा घातलेला होता.

शुभदा माझ्याबरोबर सांगलीला आली. माणसं जमली होती, तिला बघून नानाकाकांनी, म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावानं, दादाला विचारलं, ‘ही बाई कोण?’ दादा म्हणाला, ‘वृंदाची रूममेट.’ दुसऱ्या दिवशी तिला परत जावं लागलं. ती शिकवायची त्या शाळेत वडील वारले तर रजा होती, सासरे वारले तर होती. मैत्रिणीचे वडील वारले, याला काय रजा मिळणार? दहाव्याला ती पुन्हा आली, पहाटेच्या गाडीनं, अंग चोरून, मागच्या रांगेत बसणाऱ्या माणसासारखी.

बायकांनी घाटावर येऊ नये, असं नानाकाकांचं म्हणणं. दादा म्हणाला, ‘येऊ दे हो काका. अण्णांना चाललं असतं.’ एवढं दादा बोलला याचंच मला नवल वाटलं. मी गेले. शुभदा पायऱ्यांवर मागेच थांबली. तिथे पांचाळ आधीपासून उभे होते, टोपी हातात घेऊन. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. रक्ताच्या माणसांपासून दहा-बारा पायऱ्या लांब.

कृष्णेला पाणी थोडं होतं. गुरुजींनी दादाच्या हातून सगळं करवून घेतलं, भाताचे पिंड पत्रावळीवर ठेवले आणि आम्हाला मागे सरायला सांगितलं. भिंतीवर सात-आठ कावळे होते. एक खाली उतरला, पत्रावळीपासून हातभर अंतरावर चालला, मान वाकडी केली आणि परत भिंतीवर गेला.

पाच मिनिटं झाली. दहा झाली.

‘काही राहिलं असेल मनात,’ गुरुजी म्हणाले. ‘बोला. ज्याला जे कबूल करायचं ते बोला.’

दादा पुढे झाला, हात जोडले. ‘अण्णा, घर विकणार नाही. तुमचं घर तसंच राहील.’

कावळे जागचे हलले नाहीत.

नानाकाका पुढे झाले. ‘अण्णा, श्रीरंगच्या पोराच्या कॉलेजचं मी बघेन. काळजी करू नका.’ मग माझ्याकडे हात केला आणि आवाज चढवला, नदीपलीकडे ऐकू जाईल असा. ‘आणि वृंदाची काळजी करू नका! तिला एकटीला आम्ही वाऱ्यावर सोडणार नाही!’

भिंतीवरचे दोन कावळे उडून पलीकडच्या झाडावर गेले.

‘झालं,’ कोणीतरी हळूच म्हणालं, ‘होते त्यातलेपण गेले.’

ऊन वाढायला लागलं. गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि पिशवीतून दर्भ काढले. कावळा शिवत नसेल तर दर्भाचा कावळा करून शिवतात. ते काड्या वळायला बसले. मी पायऱ्या चढून मागे आले, मला तिथे उभं राहवेना.

‘ताई,’ पांचाळ म्हणाले, ‘एक सांगायचं होतं. दहा दिवस धीर झाला नाही.’

‘सांगा ना.’

‘सोमवारी संध्याकाळी साहेब माझ्या खोलीवर आले होते.’

‘अण्णा? गावभागात?’

‘चालत आले. जिना चढून. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, साहेब, निरोप धाडायचा, मी आलो असतो. तर म्हणाले, दर वेळी तुम्हीच का यायचं?’

त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली.

‘मास्तरांच्या खाटेवर बसले. पेटीवरचं फडकं बघितलं. मग म्हणाले, पांचाळ, तुम्ही एकटे नव्हता. मी म्हटलं, नव्हतो, साहेब. म्हणाले, मग तेव्हा मला येऊन का सांगितलं नाहीत?’

‘तुम्ही काय म्हणालात?’

‘काय म्हणणार? म्हटलं, तुमच्या कागदावर दोनच शब्द होते. एक माझा नव्हता, आणि दुसरा तुम्ही मला दिला नसता. आणि साहेब, तुम्ही विचारलंही नाहीत कधी.’

शुभदा माझ्याकडे बघत होती. मी पांचाळांकडे.

‘पेटीवरचं फडकं सारखं करत बसले,’ पांचाळ म्हणाले. ‘चहा केला होता, तो निवला. मग म्हणाले, खरं आहे. मी विचारलं नाही. काल मुलीला विचारलं. तिनंही नाही सांगितलं.’

खाली गुरुजींनी दादाला हाक मारली. दर्भाचा कावळा होत आला होता.

‘मग?’ मी विचारलं.

‘मी म्हटलं, साहेब, लोखंड ओतलं की लगेच साचा फोडत नाहीत. वेळ द्यावा लागतो. पुन्हा विचारा. म्हणाले, हो. पुढच्या महिन्यात येईल ती. तेव्हा पाठ करून नाही विचारणार.’

मी शुभदाचा हात धरला. अकरा वर्षांत चारचौघांत मी तिचा हात धरला नव्हता. रस्ता ओलांडतानासुद्धा नाही. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. सोडवून घेईल असं मला वाटलं, पण नाही. आम्ही दोघी पायऱ्या उतरू लागलो. मागून काठीसारखे ताठ पाय टाकत पांचाळ आले.

‘वृंदा,’ नानाकाका म्हणाले, ‘आता कशाला? गुरुजींचं होत आलंय. आणि त्या बाईंना...’

‘काका, एक मिनिट,’ दादा म्हणाला.

गुरुजी दर्भाचा कावळा हातात धरून थांबले. मी पत्रावळीपासून चार पावलांवर उभी राहिले. भिंतीवरच्या कावळ्यांकडे मी बघितलं नाही. ते येतात की जातात, याच्याशी मला काही घेणं नव्हतं. मला स्वयंपाकघर दिसत होतं, आणि अण्णांची पाठ.

नानाकाकांनी लावला होता तेवढा आवाज मला लावता आला नाही. पण घाटावर सगळ्यांना ऐकू जाईल एवढा लागला.

‘अण्णा,’ मी म्हणाले, ‘तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. मला एकटीला काही लागत नाही, कारण मी एकटी नाही. ही शुभदा. आमचं दोघींचं घर आहे, अकरा वर्षं झाली. मी ऑफिसात सांगितलं नाही, तुम्हालाही नाही. चुकलं. माझ्या नावापुढे संसारी लिहा.’